कॉर्कचं पार्क ई खीव स्टेडियम नवीन झालं म्हणजे नेमकं काय झालं? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मी आयर्लंडमध्ये कॉर्कला २०१२ पासून आहे, पोरगी इथल्या लोकल क्लबात कॅमोगी खेळते (म्हणजे बायकांचं हर्लिंग). घरी पाहुणे आले की किंवा पुण्या-नाशिकहून कुणी नवीन इथे नोकरीला आलं की आम्ही मरिनाला नदीकाठी फिरायला नेतो, तिथे झाडांच्या मागे एकदम ते अवाढव्य स्टँड दिसतं आणि प्रश्न चालू होतात. दरवेळी तेच प्रश्न. म्हणून एकदाच सगळं लिहून टाकतोय. मी इंजिनियर नाही, काउंटी बोर्डाचा (म्हणजे इथली जिल्ह्याची खेळ संघटना) माणूस पण नाही, तिकीट काढून टेरेसवर (म्हणजे उभं राहून मॅच बघायच्या पायऱ्या) उभा राहणारा माणूस आहे, त्या हिशोबाने वाचा.

आधी हे सांगा, नाव कसं म्हणायचं?

पार्क ई खीव. 'ख' घशातून, उर्दूतल्या खबरसारखा. पण इथली निम्मी माणसं सरळ 'पार्की क्वीव' म्हणतात आणि उरलेली नुसतं 'द पार्क', त्यामुळे तुमचं चुकलं तरी कोणी हसणार नाही.

गंमत अशी की ज्यांचं नाव दिलंय ते ओ कीव. पॉड्रिग ओ कीव, जीएए (गेलिक ॲथलेटिक असोसिएशन, इथले गेलिक गेम्स म्हणजे देशी खेळ चालवणारी) ह्या संघटनेचे १९२९ ते १९६४ असे तब्बल ३५ वर्षं जनरल सेक्रेटरी. मग कीवचं खीव कसं झालं? तर आपल्याकडे 'घोडा'चं 'घोड्याचं' होतं ना, तसंच. आयरिशमध्ये 'चा-ची-चे' लावायचं तर शब्दाचं तोंडच बदलतं. म्हणजे अर्थ 'ओ कीवचं मैदान'. मला हे कळल्यापासून आयरिश भाषा जरा घरची वाटायला लागली, सामान्यरूप शिकवताना आमच्या बाईंनी छडी का उगारली होती तेही आठवलं.

गेलिक गेम्स म्हणजे कुठले खेळ? फुटबॉलच ना?

फुटबॉल आहे पण आपल्याला माहितीये तो नाही. मुख्य दोन, हर्लिंग आणि गेलिक फुटबॉल. हर्लिंगमध्ये ॲशच्या लाकडाची स्टिक, तिला हर्ली म्हणतात, आणि क्रिकेटच्या बॉलपेक्षा हलका, ११० ते १२० ग्रॅमचा स्लिटर नावाचा चामड्याचा बॉल. हवेतला बॉल हवेतच फटकावतात, स्टिकवर बॉल ठेवून पळतात, २०१० पासून हेल्मेट सगळ्यांना कंपल्सरी झालं, त्याआधी मोठी माणसं तशीच खेळायची! विटीदांडू आणि हॉकी ह्यांचं लग्न लावलं तर पोर जे होईल ते हर्लिंग. दोन्ही खेळात १५ जणांची टीम, गोलपोस्ट 'एच' आकाराचा, बारखालून गेला तर ३ पॉइंट, वरून गेला तर १ (फुटबॉलमध्ये २०२५ पासून लांबून, ४० मीटरच्या कमानीबाहेरून वरून मारला तर २).

स्टेडियमच्या दृष्टीने महत्त्वाचं काय, तर मैदान. १३० ते १४५ मीटर लांब, ८० ते ९० मीटर रुंद. म्हणजे सॉकरच्या मैदानापेक्षा बरंच मोठं. ह्याचा परिणाम सगळ्यावर होतो, किती गवत राखायचं, स्टँड किती लांब, मागच्या रांगेतल्या माणसाला बॉल दिसणार की नाही. हे पुढे लागेल.

जुन्या स्टेडियमला काय झालं होतं? पाडायची काय गरज?

जुनं १९७६ चं. त्याच्या आधी त्याच जागी १९०४ पासून कॉर्क ॲथलेटिक ग्राउंड्स होतं. १९७६ ला उघडलं तेव्हा ते भारी मॉडर्न मानलं गेलं, काँक्रीटची कढई, ५०,००० च्या आसपास माणूस मावेल अशी. आपलं वानखेडे जवळपास त्याच काळातलं, १९७५ ला पहिली टेस्ट झाली, आणि दोन्हीची तब्येत पण तशीच बिघडली. त्या काळात हिशोब एकच, माणसं किती कोंबता येतील. आत आल्यावर ती माणसं फिरणार कुठून, बाथरूमला जाणार कुठे, काही झालं तर बाहेर पडणार कशी, हे नंतरचे प्रश्न. पुढे सेफ्टीचे नियम कडक होत गेले तशी कपॅसिटी कागदावर कमी कमी होत गेली.

मी जुन्यात एकच मॅच बघितली. मॅच आठवत नाही पण हाफ टाइमला स्टँडखालच्या त्या बोगद्यासारख्या पॅसेजमध्ये अडकलो होतो ते पक्कं आठवतंय, काँक्रीटला ओल आलेली, वर उघडे पाइप, समोरून चहाचे कप घेतलेली माणसं, मागून टॉयलेटला घाई झालेली माणसं, आणि मध्ये आम्ही. संध्याकाळी सातचा दादरचा पूल. फरक एवढाच की इथे प्रत्येक जण धक्का लागल्यावर सॉरी म्हणत होता. ड्रेसिंग रूम बारीक आणि जुनाट, व्हीलचेअरवाल्यांचे हाल, आणि बहुतेक लोक उघड्यावर. कॉर्कला पाऊस किती पडतो हे मी कोकणातल्या माणसाला पण सांगू शकतो, आपल्याकडे निदान चार महिन्यांनी थांबतो.

काम कधी झालं, काय काय बदललं?

२०१४ च्या शेवटी प्लॅनिंग अपील बोर्डाकडून परवानगी, २०१५ ला पाडापाडी, आणि जुलै २०१७ ला पुन्हा खेळ सुरू. डिझाइन स्कॉट टॅलन वॉकर ह्यांचं, बांधकाम जॉन सिस्क. मधली दोन वर्षं कॉर्कची टीम जवळच्याच छोट्या पार्क ई रिन मैदानावर खेळली. ते ख्रिस्टी रिंगच्या नावाचं. रिंग म्हणजे कॉर्कचा हर्लिंगमधला देवमाणूस, ८ ऑल-आयर्लंड (म्हणजे देशपातळीवरच्या स्पर्धेची) मेडल, त्याच्याबद्दल इथे चेष्टा करायची नाही.

नवीन झालं त्यात साउथ स्टँड सगळ्यात मोठं, तीन मजली, वर छप्पर, आत मीटिंग-कॉन्फरन्स करता येतील असे हॉल. समोर नॉर्थ स्टँड, त्यालाही छप्पर. दोन्ही टोकांना, म्हणजे सिटी एंड आणि ब्लॅकरॉक एंडला टेरेस, तिथे सीट नाहीत आणि छप्पर पण नाही. बाजूला कृत्रिम गवताचं एक प्रॅक्टिस मैदान, जे पोरासोरांना आणि क्लबांना वर्षभर वापरता येतं. माझ्या मते अख्ख्या प्रोजेक्टमध्ये रोज खरी किंमत वसूल होते ती तिथे, पण त्याचा फोटो कोणी काढत नाही.

पहिली मॅच कुठल्या मोठ्या टीमची नव्हती. १९ जुलै २०१७, बुधवार संध्याकाळ, ब्लार्नी विरुद्ध व्हॅली रोव्हर्स, दोन क्लब. मग त्याच वीकेंडला ऑल-आयर्लंड हर्लिंगच्या दोन क्वार्टर फायनल. नव्या बंगल्याची वास्तुशांत आधी घरच्या माणसात करतात आणि मग गावजेवण, तसंच, आणि मला ते फार आवडलं होतं.

कपॅसिटी ४५,००० म्हणतात, मग सगळ्यांना सीट का नाही? एवढे पैसे घालून उभं राहायचं?

हा प्रश्न आपली माणसं हमखास विचारतात. सीट लावली की जागा खाते. वानखेडेचंच बघा, २०११ च्या वर्ल्ड कपसाठी रिनोवेशन केलं तेव्हा साधारण ४५,००० वरून ३३,००० च्या आसपास आलं. इथे सगळं सीटिंग केलं असतं तर मोठ्या मॅचला निम्मं कॉर्क बाहेर राहिलं असतं.

आणि दुसरं म्हणजे लोकांनाच उभं राहायचं असतं. टेरेसचं तिकीट स्वस्त, कुटुंबाला परवडतं, मित्र शेजारी उभे राहू शकतात, सीट नंबर शोधत बसायची कटकट नाही. फुकट सल्ला पण घ्या, टेरेसवर छत्री उघडायची नाही, मागचे शंभर लोक तुम्हाला त्यांच्या भाषेत समजावतील. मी पहिल्यांदा गेलो तेव्हा उघडली होती. मग बंद केली, आणि उरलेली मॅच अंगावरचं पाणी बुटात उतरताना मोजत बघितली.

खर्च किती झाला? ऐकलं की बजेट पार कोलमडलं.

हो. सुरुवातीचा आकडा साधारण ७ कोटी युरोचा होता. संपेपर्यंत ९ कोटींच्या वर गेला. २०१८ च्या डिसेंबरमध्ये तर डब्लिनहून, जीएएच्या वरच्या माणसांकडून, ११ कोटी होऊ शकतात असं वक्तव्य आलं आणि कॉर्कमध्ये धुरळा उडाला, मग काउंटी बोर्डाने सांगितलं की नाही हो, ९.६ कोटींच्या आसपास. 'फक्त' ९.६ म्हणून सगळ्यांनी सुटकेचा निःश्वास टाकला, हे म्हणजे डॉक्टरने आधी ऑपरेशन सांगायचं आणि मग नुसतं प्लास्टर करायचं.

पैसे आले कुठून? सरकारने ३ कोटी दिले, त्याला युरोपियन कमिशनची पण मंजुरी घ्यावी लागली कारण सरकारने कुणा एकाला पैसे देणं युरोपात असं सहज चालत नाही. जीएएच्या मध्यवर्ती तिजोरीतून साधारण २ कोटी. थोडे मन्स्टर कौन्सिलचे (मन्स्टर म्हणजे कॉर्क ज्यात येतं तो दक्षिणेचा प्रांत). बाकी दहा-दहा वर्षांची प्रीमियम तिकिटं विकून आणि कर्ज काढून. आणि ते कर्ज राहिलं, ३ कोटींच्या घरात.

बजेट का वाढलं ह्याची प्रत्येक पबमध्ये वेगळी थिअरी आहे. मला दिसतं ते एवढंच, की २०१० च्या आसपास आयर्लंड मंदीत गळपटलेलं होतं, बांधकाम स्वस्त होतं, आकडे त्या काळातले. काम प्रत्यक्ष चालू झालं तोवर देश परत उभा राहिला, मजूर आणि माल दोन्ही महागले. त्यात नदीकाठची सखल, भराव घातलेली जमीन. घर बांधलेला कुठलाही माणूस सांगेल, जमिनीखाली जे निघतं ते कोटेशनमध्ये नसतं.

मग कर्ज कोण फेडतंय? क्लबचा मालक कोण?

इथेच आपल्या लोकांची गाडी अडते, कारण आपल्या डोक्यात आयपीएल असतं. मालक कोणी नाही. म्हणजे सगळेच आहेत. जीएए ही १८८४ ला थर्ल्स गावातल्या एका हॉटेलात मूठभर माणसांनी सुरू केलेली संघटना, गावोगावचे क्लब तिचे सभासद, क्लबांचं मिळून काउंटी बोर्ड, आणि स्टेडियम बोर्डाचं. खेळाडूंना पगार नाही. परत सांगतो, ४५,००० लोकांसमोर खेळणाऱ्या माणसाला पगार नाही, रविवारी तो टीव्हीवर आणि सोमवारी शाळेत गणित शिकवतो किंवा बँकेत बसतो. गावच्या तालमीचा पैलवान समजा, फक्त कुस्ती ऑल-आयर्लंड फायनलची. बक्षिसाची थैली पण नाही.

त्यामुळे ह्या कर्जाचा अर्थ वेगळा होतो. बोर्डाचा पैसा हप्त्यात गेला की तो कोच ठेवायला, पोरांच्या टीम चालवायला कमी पडतो. आमच्या क्लबात शनिवारी सकाळी सहा-सात वर्षांची पोरं येतात, शिकवणारे सगळे आईबाप, फुकट. मी पण मैदानावर प्लास्टिकचे कोन लावतो, बॉल गोळा करतो, एवढीच माझी पात्रता. हर्ली तुटली की वर पत्र्याची पट्टी मारून परत वापरतात. आणि चहाच्या वेळी कोणीतरी हमखास म्हणतं, 'तिकडे कोट्यवधी घातले आणि इकडे नेट फाटलंय'. त्याचं पूर्ण बरोबर आहे असं मी म्हणणार नाही, कारण तोच माणूस मोठ्या मॅचला साउथ स्टँडमध्ये पोरांना घेऊन ऐटीत बसलेला मी बघितलाय. पण चुकीचं पण नाही.

एवढं सगळं करून गवतच खराब झालं म्हणे?

झालं ना. फेब्रुवारी २०१९. हिवाळ्यात एका दिवशी दोन मॅच खेळवल्या आणि टीव्हीवर सगळ्या देशाने बघितलं, खेळाडू पाय रोवायला गेला की गवताचा अख्खा तुकडाच चटईसारखा सुटून येतोय. उघडून दोन वर्षं पण झाली नव्हती. काउंटीची अब्रूच गेली.

कारण समजून घ्या. जुनं स्टेडियम उघडंबोडकं होतं, ऊन-वारा लागायचा. आता दोन्ही बाजूंना उंच स्टँड आणि छप्पर, म्हणजे हिवाळ्यात आधीच कंबरेएवढं वर येणारं ऊन, ते पण अडलं. गवताला ऊन नाही, वारा नाही, खाली ओल, मग मूळ धरत नाही. आधुनिक स्टेडियमची ही जगभरची दुखणी आहेत, बहुतेक ठिकाणी मग मोठमोठे दिवे गवतावर फिरवत बसतात. आणि हर्लिंगचं मैदान किती मोठं ते वर सांगितलंच.

मग पूर्ण मैदान खणून हायब्रिड पिच घातलं, म्हणजे गवत खरंच, पण त्यात मशिनने प्लास्टिकचे धागे खोलवर शिवतात, मुळं त्याला वेटाळून बसतात. नंतर एकदा हाफ टाइमला छोट्या पोरांची मॅच होती त्यात आमची पोरगी उतरली, दहा मिनिटं. मी घरी आल्यावर विचारलं कसं वाटलं, वाटलं सांगेल की एवढी माणसं, आवाज वगैरे. तर म्हणते, 'बाबा मी खाली बसून हात लावून बघितला, प्लास्टिक सापडलंच नाही'. बुटाच्या खिळ्यात अडकलेलं गवत तिने दोन दिवस काढू दिलं नाही.

तिथे एवढे कॉन्सर्ट का करतात? खेळाचं मैदान आहे ना?

वरचा कर्जाचा प्रश्न परत वाचा. तसं हे नवीन नाही, मायकल जॅक्सन १९८८ ला जुन्या पार्क ई खीवमध्ये नाचून गेलाय, १९९० ला प्रिन्स, २०१३ ला ब्रूस स्प्रिंगस्टीन. नव्यात २०१८ ला एड शीरनने तीन रात्री केल्या. एका कॉन्सर्टचं भाडं म्हणजे किती क्लब मॅचचा गल्ला, हिशोब तुम्हीच करा.

पण २०२२ ला ते अंगाशी आलं. एप्रिलच्या शेवटी परत एड शीरन, आणि नेमकं तेव्हाच चॅम्पियनशिप सुरू. हर्लिंगची क्लेअर काउंटीविरुद्धची घरची मॅच थर्ल्सला हलवावी लागली. फुटबॉल टीमची केरी काउंटीविरुद्धची घरची मॅच पण केरीतच, किलार्नीला खेळा असं ठरायला लागलं तेव्हा खेळाडू अडून बसले, 'पार्क ई रिन, नाहीतर कुठेच नाही', सरळ जाहीर केलं. आणि जिंकले! म्हणजे मॅच नाही, मॅच केरीनेच जिंकली, पण ती झाली पार्क ई रिनलाच. कोट्यवधींचं घर बांधून पाहुणे आले म्हणून घरच्यांनी शेजाऱ्याकडे झोपायचं, लोक चिडणारच. मी स्वतः त्या कॉन्सर्टला गेलो होतो हे आमच्या क्लबात अजून सांगितलेलं नाही.

सॉकर, रग्बी चालतं का तिथे?

चालतं आता, पण सहज नाही. जीएएचा जुना नियम, आमच्या मैदानावर आमचेच खेळ. त्यामागे ब्रिटिश राजवटीचा इतिहास आहे, १९२० ला डब्लिनच्या क्रोक पार्कमध्ये मॅच चालू असताना ब्रिटिश फौजेने गोळीबार करून १४ माणसं मारली होती, त्यामुळे 'परदेशी' खेळ हा त्यांच्यासाठी नुसता खेळ नव्हता.

इथे ठिणगी पडली २०१८ ला. लियाम मिलर, कॉर्कचा सॉकर खेळाडू, सेल्टिक आणि मँचेस्टर युनायटेडकडून खेळलेला, फेब्रुवारीत ३६ व्या वर्षी कॅन्सरने गेला. त्याच्या कुटुंबासाठी चॅरिटी मॅच ठरली, छोट्या मैदानाची तिकिटं बघता बघता संपली, लोक म्हणाले पार्क ई खीवला घ्या. जीएएने आधी नियम दाखवला. मग जे झालं ते बघण्यासारखं होतं, मंत्र्यांपासून टॅक्सीवाल्यापर्यंत सगळे एकच विचारायला लागले, ३ कोटी आमच्या टॅक्सचे घेतले तेव्हा नियम कुठे होता? शेवटी सेंट्रल कौन्सिलने परवानगी दिली, २५ सप्टेंबर २०१८ ला मॅच झाली, स्टेडियम फुल्ल. त्यानंतर २०२२ च्या नोव्हेंबरमध्ये मन्स्टर रग्बीची दक्षिण आफ्रिकेच्या टीमशी मॅच झाली, ४१,००० च्या वर लोक. आभाळ कोसळलं नाही.

आता नावात सुपरमार्केट कसं आलं?

२०२४ च्या जानेवारीत बातमी आली की नाव 'सुपरव्हॅल्यू पार्क' होणार. सुपरव्हॅल्यू ही किराणा दुकानांची चेन, तिची मालक मसग्रेव्ह कंपनी कॉर्कचीच, १८७६ पासूनची, म्हणजे बाहेरचं कोणी नव्हतं. तरी जो काही गदारोळ झाला! ओ कीव यांच्या घरच्यांपासून राजकारण्यांपर्यंत सगळे बोलले. आठवड्या-दोन आठवड्यात तोडगा निघाला, 'सुपरव्हॅल्यू पार्क ई खीव'. पैसे पण आले, माणूस पण राहिला.

मला विचाराल तर, गहुंज्याच्या स्टेडियमला आधी एका कंपनीच्या मालकाचं नाव लागलं होतं आणि मग ते काढायची पाळी आली, ते आठवा. ओ कीवनी ३५ वर्षं संघटना चालवली, दुकानाचं कॉन्ट्रॅक्ट कधीतरी संपतंच.

शेजारी राहणाऱ्यांचं काय? त्रास होत असेल.

होतो. बॅलिंटेम्पल, ब्लॅकरॉक रोड ह्या बाजूला जुन्या वस्त्या, गल्ल्या अरुंद, मॅचच्या दिवशी रस्ते बंद, कोणीतरी कोणाच्या तरी गेटसमोर गाडी लावून गेलेला. पण आजूबाजूचा भाग ह्या निमित्ताने सुधारला हे पण खरं. शेजारच्या जुन्या शेती-प्रदर्शनाच्या जागेवर मरिना पार्क झालं, तिथला जुना हॉल, त्याचा नुसता लोखंडी सांगाडा ठेवून लाल रंगवलाय, खाली पोरं सायकल शिकतात. नदीकाठचा मरिना रस्ता गाड्यांना बंद केला. जुन्या रेल्वे लाइनवर सायकल ट्रॅक. थोडं पुढे, जिथे एकेकाळी फोर्ड आणि डनलॉपचे कारखाने होते आणि १९८३-८४ ला एकापाठोपाठ बंद पडले त्या पट्ट्यात गोदामात मरिना मार्केट भरतं. गिरणगावात मॉल झाले ना तसलाच प्रकार, फक्त इथे अजून टॉवर कमी आहेत.

बेलफास्टचं केसमेंट पार्क, ते का होत नाहीये?

ती मोठी रडकथा आहे. जीएएचं १९५३ चं मैदान, शेवटची मॅच २०१३ ला, नव्यासाठी बंद केलं आणि तेव्हापासून बंदच. २०११ ला उत्तर आयर्लंडच्या (बेलफास्ट ज्यात येतं तो ब्रिटनच्या ताब्यातला भाग) सरकारने तीन खेळांच्या तीन मैदानांना पैसे ठरवले. रग्बीचं रेव्हनहिल झालं, सॉकरचं विंडसर पार्क झालं. केसमेंटचं प्लॅनिंग शेजाऱ्यांनी कोर्टात नेलं, २०१४ च्या डिसेंबरमध्ये परवानगी रद्द. नवीन, ३४,५०० चा प्लॅन, २०२१ ला मंजूर. मग २०२८ च्या युरो कपच्या यादीत नाव आलं, सगळे खूश, आणि सप्टेंबर २०२४ ला ब्रिटिश सरकार म्हणालं खर्च ४० कोटी पौंडांच्या वर जाऊ शकतो, वेळेत होणार नाही, आम्ही पैसे देत नाही. सुरुवातीचा अंदाज होता ७.७ कोटींच्या आसपास! २०२५ च्या जूनमध्ये लंडनने ५ कोटी पौंड देऊ केले, तरी गणित जुळायचं बाकीच.

म्हणून कॉर्कवाले पैशावरून कुरकुर करायला लागले की मी म्हणतो, उशीर किती महाग पडतो ते वर बेलफास्टला जाऊन बघा. तिथली पोरं ह्या काळात घरचं मैदान न बघता मोठी झाली.

डब्लिनचं क्रोक पार्क कसं झालं मग?

टप्प्याटप्प्याने. एक बाजू पाडायची, बाकीच्या तीन बाजूंवर खेळ चालू ठेवायचा, मग पुढची. १९९३ च्या सुमाराला चालू केलं, २००५ पर्यंत चाललं, ८२,३०० कपॅसिटी. पण तिथे अख्ख्या देशाची फायनल होते, पैसा येत राहतो. एका काउंटीला ते कसं जमेल.

लिओ वराडकरचा काही संबंध?

ओढूनताणून. वडील मालवण तालुक्यातल्या वराडचे, हे सगळ्यांना माहितीये. लिओ स्वतः २०११ ते २०१४ आयर्लंडचे क्रीडामंत्री होते आणि जून २०१७ ला पंतप्रधान झाले, म्हणजे स्टेडियम उघडलं तेव्हा त्यांना महिना झाला होता. बस, एवढंच. वराडला हर्लिंग सुरू झालेलं नाही.

आम्हाला मॅच बघायचीये, कधी जावं, कसं जावं?

हर्लिंगच बघा, आणि एप्रिल-मे मध्ये, मन्स्टर चॅम्पियनशिपची. ११ मे २०२४ ला कॉर्क-लिमरिक झाली, ४१,००० च्या वर लोक, कॉर्क दोन पॉइंटने जिंकलं, माझा घसा तीन दिवस बसला होता. फक्त कॉर्कवाल्यांना 'ऑल-आयर्लंड हर्लिंग शेवटचं कधी जिंकलात' असं विचारू नका. २००५. त्यानंतर २०२५ पर्यंत पाच फायनल हरले, २०२५ ला तर हाफ टाइमला सहाने पुढे होते आणि दुसऱ्या हाफमध्ये फक्त २ पॉइंट केले.

तिकीट ऑनलाइन, गेटवर मिळत नाही, आधी काढा. गाडी नेऊ नका, पार्किंग नाही असंच समजा. केंट स्टेशनवरून चालत चाळीसएक मिनिटं, लाल जर्सीवाल्यांच्या मागे चालत राहा, रस्ता विचारावा लागणार नाही. पोरं असतील तर स्टेडियमच्या अलीकडे ॲटलांटिक पॉण्ड आहे, बदकं आणि हंस, तिथे अर्धा तास आरामात जातो. साउथ स्टँड मिळालं तर उत्तम. टेरेस मिळालं तर रेनकोट, आणि हुडवाला घ्या.